मिनेसोटात यायचंय, पण थंडीचं काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची अकोल्याची, म्हणजे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरला पाणी कोण घालणार यावरून भांडणाऱ्या घरातली. २०१३ च्या डिसेंबरपासून अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस शहराजवळच्या एका सबर्बमध्ये (उपनगरात) राहते. दरवर्षी कुणाची तरी बहीण, कुणाचा तरी मामेभाऊ, नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी रूममेट फोन करतो, ताई तिकडे ऑफर आलीये, घेऊ का, थंडी झेपेल का? तेच तेच सांगून कंटाळले म्हणून एकदा लिहून ठेवतेय, आता फक्त लिंक पाठवणार.

नेमकी किती थंडी असते?

जानेवारीत मिनियापोलिसला रात्रीचं सरासरी तापमान उणे १३ सेल्सिअसच्या आसपास आणि दुपारचं उणे ५. हे झालं रोजचं. दरवर्षी पाच-सहा दिवस असे येतात की उणे २५ वगैरे होतं, त्यात वारा असला की मग विचारू नका. ३० जानेवारी २०१९ ला इथे उणे ३३ झालं होतं आणि वारा धरून अंगाला लागणारी थंडी उणे ४५ च्याही खाली, त्या दिवशी पोस्टाने पत्रं वाटणं बंद ठेवलं होतं. राज्याचा रेकॉर्ड टॉवर नावाच्या गावाचा, २ फेब्रुवारी १९९६, उणे ५१. पण टॉवर पार उत्तरेला आहे, तिथे तुम्हाला नोकरी लागायची शक्यता कमीच, घाबरू नका.

आम्ही आलो तेव्हा महिनाही झाला नव्हता आणि ६ जानेवारी २०१४ ला गव्हर्नरने थंडीसाठी राज्यातल्या सगळ्या शाळा बंद ठेवल्या. बर्फ पडला म्हणून नाही हं, नुसती थंडी आहे म्हणून. मी त्या दिवशी आईला फोन करून रडले होते आणि आई म्हणाली, मग स्वेटर घाल ना. अकोल्यात बसून ती दुसरं काय सांगणार बिचारी.

उणे ५ आणि उणे २५ यात काही फरक कळतो का?

खूप. उणे ५ ला ऊन असेल तर लोक साध्या जॅकेटवर फिरायला जातात आणि दोन वर्षांनी तुम्हीपण जाल. उणे १५ ला चेहऱ्याला चावल्यासारखं होतं. उणे २५ ला पहिला श्वास घेतला की नाकातले केस आत गोठतात आणि नाकपुड्या चिकटल्यासारख्या वाटतात, चष्म्याची धातूची काडी कानामागे टोचते, ओले केस घेऊन बाहेर गेलात तर कडक काड्या होतात. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त थंडीचा दिवस बहुतेक वेळा निरभ्र असतो, ढग नसले की जमिनीची ऊब रात्रीतून वर निघून जाते. त्यामुळे खिडकीतून लख्ख ऊन बघून हलकं जॅकेट घालू नका, नवीन माणसं हमखास फसतात. ॲपमध्ये तापमानाच्या खाली विंड चिल, म्हणजे वारा धरून अंगाला लागणारी थंडी, लिहिलेलं असतं, ते बघायचं. फॅरनहाइट शून्य आणि ताशी १५ मैलांचा वारा असला तर उघडी कातडी अर्ध्या तासात हिमदंश होण्याइतकी गोठू शकते. आणि हो, इथे सगळं फॅरनहाइटमध्येच बोलतात, डोक्यात हिशेब करत बसू नका, फक्त लक्षात ठेवा की ३२ ला पाणी गोठतं आणि उणे ४० दोन्हीकडे सारखंच, तिथे भाषांतराची गरज संपते.

कपडे काय लागतात? किती खर्च?

तीन थर, बास. आत थर्मल, मध्ये फ्लीस किंवा लोकर, वर वारा अडवणारं जाड जॅकेट जे मांडीपर्यंत येईल. आत सुती बनियन घालू नका, घाम धरून ठेवतं आणि मग त्याच घामाने कुडकुडायला होतं. पैसे खर्च करायचे तर दोन गोष्टींवर करा, बूट आणि हातमोजे. पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा मिटन्स (अंगठा वेगळा, बाकी बोटं एकत्र) गरम, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. जॅकेट मार्च-एप्रिलच्या सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळतं पण पहिल्या वर्षी तेवढं थांबता येत नाही, ते एक दुःखच. आणि मिनेसोटात कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, किराण्यावरपण नाही, हे एक बरं आहे.

घरात थंडी वाजते का?

नाही. हे कुणाला पटत नाही पण मला आयुष्यात घरात सगळ्यात जास्त थंडी पुण्यात वाजली आहे, हॉस्टेलला, डिसेंबरमध्ये, ती गार फरशी आणि बंद न होणारी खिडकी. इथे घराच्या भिंतीत इन्सुलेशन, खिडक्यांना दोन काचा, तळघरात घर तापवणारी फर्नेस. भाड्याचं घर असेल आणि हीटिंग घरमालकाच्या हातात असेल तर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल घर किमान ६८ फॅरनहाइट म्हणजे २० सेल्सिअस ठेवणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे, हा नियम २०२४ पासून आला. आम्ही घरात टीशर्टवर असतो.

त्रास होतो तो कोरड्या हवेचा. बाहेरच्या गोठलेल्या हवेत बाष्प जवळजवळ नसतंच, तीच हवा आत घेऊन तापवली की घराचं वाळवण होतं. ओठ फुटतात, मुलांच्या नाकातून रक्त येतं (पहिल्यांदा बघून मी हादरले होते), दाराच्या मुठीला हात लावला की शॉक बसतो, टाचांना भेगा पडतात. हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर घ्या. टाचांना आजीचं कोकम तेल, इथल्या कुठल्याही क्रीमपेक्षा भारी.

घर विकत घेत असाल तर रेडॉन टेस्ट करून घ्या, विसरू नका. रेडॉन हा जमिनीतून तळघरात येणारा किरणोत्सारी वायू, वास नाही रंग नाही, पण फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण आहे. इथल्या जमिनीत तो जास्त आहे, राज्याचा आरोग्य विभागच सांगतो की दर पाचातल्या दोन घरांत तो धोक्याच्या पातळीवर असतो, आणि हिवाळाभर आपण दारं-खिडक्या बंद करून त्याच हवेत बसतो. उपाय सोपा आहे, पाइप आणि पंखा बसवून तो छपरावरून बाहेर सोडतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना हेपण बघा.

हीटिंगचं बिल?

घराच्या आकारावर आहे, दुसऱ्याचं ऐकू नका, घर बघायला जाल तेव्हा मागच्या जानेवारीचं बिल मागा. गॅस कंपन्या वर्षाचं बिल बारा महिन्यांत सारखं वाटून देतात, ती सोय घ्या. एक मजा सांगते, २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सास गोठलं, गॅसचे भाव गगनाला भिडले, आणि त्याचा भुर्दंड इथल्या ग्राहकांच्या बिलात पुढे कितीतरी महिने हप्त्याहप्त्याने लागत होता. थंडी टेक्सासला, खिसा आमचा.

गाडी चालवता येईल का? मी बर्फ कधी बघितलापण नाही.

येईल. पहिला बर्फ पडला की एखाद्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जा आणि मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघा, गाडी कशी सरकते, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची सोय) पायाखाली कसं थरथरतं, हे अंगवळणी पडलं पाहिजे. नंतर रस्त्यावर सगळं हळू, ब्रेक हळू, वळण हळू, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर. पूल आधी गोठतात कारण खालून जमिनीची ऊब नसते. ब्लॅक आइस दिसत नाही, नुसता ओला रस्ता वाटतो. ताजा भुसभुशीत बर्फ दिसायला भीतीदायक असतो पण त्यात टायरला पकड मिळते, खरा वैरी म्हणजे दुपारी वितळून रात्री परत गोठलेला पातळ थर. बर्फ काढणाऱ्या प्लाऊला ओव्हरटेक करायचं नाही, कधीच नाही, त्याच्यामागे वीसच्या स्पीडने शांत चालत राहायचं. आणि या प्लाऊंना इथे लोक मतदान करून नावं ठेवतात, मतदानाच्या पहिल्याच वर्षी प्लाऊई मॅकप्लाऊफेस जिंकलं. हिवाळ्यात माणसांना करमणूक लागते हो.

काचेवर मारायचं पाणी हिवाळ्याचंच घ्या, उणे २० फॅरनहाइटला न गोठणारं. आपल्याकडच्यासारखं नळाचं पाणी ओतलंत तर नळीसकट गोठतं. बॅटरी जुनी असेल तर थंडी यायच्या आधीच बदला, शून्य फॅरनहाइटला तिची निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते. टाकी अर्ध्याच्या खाली नको. डिकीत ब्लँकेट, छोटं फावडं, जंपर केबल, चार खाण्याचे बार. गाडीत कोल्ड्रिंकचे कॅन मात्र राहू देऊ नका, मी एकदा विसरले होते, फुटून छतापर्यंत उडालं आणि तिथेच गोठलं, ते एप्रिलमध्ये वितळून सीटवर पडलं.

घर भाड्याने घेताना गॅरेज आहे का हा पहिला प्रश्न विचारा. किचन, कार्पेट, बाल्कनी नंतर. महिन्याला शंभर डॉलर जास्त गेले तरी चालतील, सकाळी सात वाजता अंधारात काच खरवडताना तुम्हाला मी आठवेन.

ही स्नो इमर्जन्सी काय भानगड आहे?

रस्त्यावर गाडी लावत असाल तरच तुमचा संबंध. भरपूर बर्फ पडला की शहर जाहीर करतं आणि तीन दिवस पाळीपाळीने रस्त्याच्या बाजू रिकाम्या कराव्या लागतात. मिनियापोलिसला पहिल्या रात्री ९ पासून सकाळी ८ पर्यंत मुख्य ठरलेले रस्ते, दुसऱ्या दिवशी बाकी रस्त्यांची सम नंबरांची बाजू, तिसऱ्या दिवशी विषम. सेंट पॉलचे नियम वेगळे, सबर्बचे अजून वेगळे. शहराच्या मेसेजसाठी नंबर नोंदवून ठेवा. आमची गाडी एकदा उचलून नेलीये, चूक आमचीच, सम-विषममध्ये गोंधळ झाला, आणि मग दोन बसेस बदलून आम्ही आमच्याच गाडीला सोडवायला गेलो.

बर्फ आपल्यालाच काढावा लागतो का?

स्वतःचं घर असेल तर हो, ड्राइव्हवे तर काढायचाच पण घरासमोरची फूटपाथपण, मिनियापोलिसला बर्फ थांबल्यापासून २४ तासांत. अपार्टमेंट किंवा टाउनहोम असेल तर मेंटेनन्सवाले काढतात. वर्षाला सरासरी ५० इंचांच्या आसपास बर्फ पडतो, पण सरासरी म्हणजे काय, २०२२-२३ ला ९० इंच पडला आणि फावडं मारून मारून नवऱ्याची पाठ गेली, म्हणून आम्ही भलंमोठं स्नोब्लोअर (बर्फ उडवून बाजूला टाकणारं यंत्र) घेतलं, आणि पुढचाच हिवाळा इथला आतापर्यंतचा सगळ्यात उबदार निघाला. इतका की उत्तरेकडची कुत्र्यांच्या गाड्यांची बेअरग्रीज शर्यत २०२४ ला बर्फाअभावी रद्द झाली. स्नोब्लोअर गॅरेजमध्ये आमच्याकडे बघत बसलं होतं.

पन्नाशीच्या पुढचं कुणी असेल, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल, तर फावडं त्यांच्या हातात देऊ नका. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यात ओला बर्फ प्रचंड जड, दरवर्षी माणसं यात दगावतात.

डिप्रेशन येतं म्हणतात, खरं का?

याला जरा वेळ देते. थंडीपेक्षा अंधार वाईट. मिनियापोलिस ४५ अक्षांशावर आहे, डिसेंबरच्या शेवटी सूर्य पावणेआठनंतर उगवतो आणि साडेचारला मावळतो, पावणेनऊ तासांचा दिवस. आपल्याकडे सगळ्यात छोटा दिवससुद्धा जवळपास अकरा तासांचा असतो. म्हणजे अंधारात ऑफिसला, अंधारात परत, आणि मधला उजेड मीटिंगमध्ये गेला. पहिल्या वर्षी मला वाटायचं आपल्याला काहीतरी झालंय, दुपारी चारला झोप यायची, गोड खावंसं वाटायचं, कुणाचा फोन घ्यावासा वाटायचा नाही. मग शेजारच्या आजी, जन्मापासून इथल्या, त्यांनी विचारलं की दिवसात बाहेर जातेस का. मी म्हटलं, थंडी आहे ना. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

तेव्हापासून नियम केलाय, दुपारी जेवणानंतर वीस मिनिटं बाहेर चालायचं, उणे १५ असलं तरी. सकाळी चहाबरोबर दहा हजार लक्सच्या, म्हणजे खूप प्रखर उजेड देणाऱ्या दिव्यासमोर अर्धा तास. व्हिटॅमिन डी डॉक्टरांना विचारून. आणि दर शनिवारी कुणाच्या तरी घरी जायचं किंवा कुणाला तरी बोलवायचं, नुसती खिचडी का असेना. तरीही फेब्रुवारीपर्यंत उठावंसंच वाटत नसेल तर डॉक्टरकडे जा, यात लाजण्यासारखं काही नाही, इथल्या डॉक्टरांना हे रोजचं आहे. ज्यांना आधीपासून डिप्रेशनचा त्रास आहे त्यांनी मात्र इथे यायचं की नाही हा विचार डॉक्टरशी बोलूनच करावा, मी उगाच या या म्हणणार नाही.

मुलांचं काय, घरात कोंडून राहतात?

मुलांना काही होत नाही. शाळेत मधल्या सुट्टीत बर्फातसुद्धा बाहेर सोडतात, विंड चिल शून्य फॅरनहाइटच्या खाली गेलं की आत ठेवतात साधारण. स्नो पँट, बूट, टोपी, मिटन्स रोज दप्तरासोबत, आणि रोज त्यातलं एक मिटन हरवतं. मुलं स्लेडिंग करतात, स्केटिंग शिकतात, गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळतात. तळ्यावर जायचं तर बर्फ चालण्यासाठी किमान ४ इंच जाड हवा, अंदाजाने जायचं नाही. लोक त्यावर ट्रकसुद्धा नेतात आणि भोक पाडून मासे धरतात, छोट्या घरात हीटर लावून. मी एकदा गेले होते, चार तासांत एक मासा, पण थर्मासमधला चहा अप्रतिम लागला.

मग एवढं सोसून फायदा काय?

कामं आहेत. टार्गेट, बेस्ट बाय, थ्रीएम, जनरल मिल्स, युनायटेडहेल्थ यांची मुख्य ऑफिसं ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांच्या) आसपासच आहेत, मेडिकल डिव्हाइसच्या कंपन्या आहेत, दक्षिणेला रॉचेस्टरला मेयो क्लिनिक. एक नोकरी गेली तर दुसरी शोधायला शहर सोडावं लागत नाही सहसा. घरांच्या किमती कॅलिफोर्निया-न्यू जर्सीच्या मानाने बऱ्याच कमी. वादळी समुद्र नाही, भूकंपाचं भय नाही (टॉर्नेडो आहेत मात्र, दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी एकला भोंगा वाजतो तो टेस्टिंगचा असतो, पळू नका).

आणि उन्हाळा. जूनमध्ये रात्री नऊला सूर्य मावळतो. दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणतात, खरी मोजणी ११,८४२, आणि जूनमध्ये सगळी माणसं त्या पाण्यातच असतात. सप्टेंबरच्या शेवटी लेक सुपिरियरच्या काठाने डुलुथच्या वर जा, झाडं लाल-पिवळी झालेली असतात. मे २०२४ ला आम्ही घराच्या अंगणातून नॉर्दर्न लाइट्स बघितले, मुलगी म्हणाली आकाशात कुणी रंगपंचमी खेळलं का. हे अकोल्यात कुठून मिळणार.

तोटे लपवू नका, खरं सांगा.

एप्रिल. जानेवारीची तयारी असते मनाची. पण मार्च संपतो, गुढी उभारून होते (आमची गुढी दोनदा बर्फात उभी राहिली आहे, कडुलिंब नाहीच, साखरेची माळ मात्र टणक), व्हॉट्सॲपवर आंब्याचे फोटो यायला लागतात, आणि बाहेर अजून चिखल, करडे ढीग, आणि मध्येच परत बर्फ. २०१८ ला १३ ते १६ एप्रिलमध्ये पंधरा इंचांच्या वर पडला. त्या दिवशी मी खरोखर नोकऱ्यांच्या साइटवर ॲरिझोना टाकून बघितलं होतं. इथून सोडून गेलेली जेवढी माणसं मला माहितीयेत त्यांच्यापैकी कुणीही जानेवारीत निर्णय घेतला नाही, सगळ्यांनी एप्रिलमध्ये घेतला. म्हणून ऑफर घेताना किती उणे हे विचारण्यापेक्षा किती महिने हे विचारा, आणि उत्तर आहे नोव्हेंबर ते एप्रिल. जमत असेल तर भारताची ट्रिप डिसेंबरऐवजी मार्चच्या शेवटी काढा, मला हे कळायला सहा वर्षं लागली.

बाकी किरकोळ. इन्कम टॅक्स जास्त, वरचा दर ९.८५ टक्के. रस्त्यावरच्या मिठाने गाडी खालून गंजते. वितळणं-गोठणं यामुळे खड्डे, मग उन्हाळाभर रस्त्यांची कामं. डास, मोठे आणि निर्लज्ज.

स्वयंपाक आणि देवाधर्माचं कसं?

दही लागत नाही हिवाळ्यात, ओव्हनचा नुसता दिवा लावून त्यात भांडं ठेवा, इडलीचं पीठपण तिथेच. फोडणी द्यायच्या आधी जॅकेटं कपाटात बंद करा, हे फार महत्त्वाचं, घर बंद असतं, वास कुठे जात नाही, आणि सगळ्या ऑफिसला कळतं की काल तुमच्याकडे कांद्याची भाजी होती. तुळस आणि कढीपत्ता सप्टेंबर संपायच्या आत घरात, दक्षिणेच्या खिडकीत, तरी तुळस बहुतेक वेळा जानेवारीत मान टाकते, बी जपून ठेवा. मेपल ग्रोव्हला मोठं हिंदू मंदिर आहे. मराठी मंडळाचा गणपती छान हवेत होतो, दिवाळीला साडीवर जॅकेट आणि खाली बूट, संक्रांतीला काळी साडी नेसून उणे वीसमध्ये हळदीकुंकवाला जाणं हे मात्र इथल्या बायकांनीच करावं. मोजडी पिशवीत, दारात बूट काढून बदलायची.

आई-बाबांना कधी बोलवू?

मेच्या शेवटी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत पाठवा. हिवाळ्यात बोलवायलाच लागलं, म्हणजे बाळंतपण वगैरे, तर बुटांना लावायचे काटे आणा, आणि चालायला मॉलमध्ये न्या. मॉल ऑफ अमेरिकाच्या मधल्या भागात हीटिंगच नाही म्हणे, काचेचं छत, दिवे आणि माणसांची गर्दी यावर गरम राहतो, बाबांना हे इतकं आवडलं की येईल त्या प्रत्येकाला सांगायचे. डाउनटाउनमध्ये इमारतींना जोडणारे बंद पूल आहेत, स्कायवे, ऐंशीएक ब्लॉक जोडलेले, फक्त संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बरेच बंद असतात.

येताना भारतातून काय आणू?

स्वेटर आणू नका, तिबेटी लोकांच्या स्टॉलवरचे तर अजिबात नाही, ते इथे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हरतात. जॅकेट, बूट इथेच घ्या. एक कानटोपी आणा, विमानतळावरून गाडीपर्यंत जायला, आणि जमलं तर कुणाला तरी जॅकेट घेऊन विमानतळावर यायला सांगा. त्या वाचलेल्या जागेत कोकम तेल आणा, चार-पाच वड्या. एक माझ्यासाठी.